भिंतीवर लागल्यावर

“खिळा मारायचा न्हाई,” हौसाक्का म्हणाल्या.

बिरूचा हातोडा वरच राहिला. तो स्टुलावर चढलेला, मी खाली चित्र छातीशी धरून उभा, आणि दारात कमरेवर हात ठेवून त्याची आई. ज्यांचं ते चित्र होतं, ते त्याचे वडील दाजीबा सरगर बाजेवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. शेजारच्या घरातलं भांडण कानावर यावं, इतकंच त्यांचं लक्ष.

का मारायचा नाही, असं मी विचारलं. आक्कांनी भिंतीकडे बोट केलं. तिथे ओळीने तीन तसबिरी होत्या. दाजीबांचे वडील, आई आणि थोरले भाऊ. तिघांनाही हार. बिरू खिळा ठोकणार होता ती जागा त्याच ओळीतली चौथी.

“ह्यास्नी त्या वळीत बसवतोस व्हय?” आक्का म्हणाल्या. “अन् चित्र तरी बघ. समोर बघत, गुडघ्यावर हात ठिवून, गप. हारासाठी मान फुडं करून बसल्यागत. जित्या माणसाचं असलं चित्र माझ्या भिंतीवर लागायचं न्हाई.”

बिरू स्टुलावरून उतरला. तिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, पण आईपुढे त्याने कधी तोंड उघडल्याचं गावात कुणी ऐकलं नव्हतं. मी दाजीबांकडे पाहिलं. त्यांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

“हिला अपशकुन वाटतुया,” ते म्हणाले. “मला तर पसंत हाय चित्र. पर आपलं बोलणं काय झालंय, पेंटर? भिंतीवर लागल्यावर.”

ते बोलणं काय झालं होतं, ते आधी सांगायला हवं.

साल सत्याऐंशी. कोल्हापूरला चार वर्षं चित्रकला शिकून मी नांदण्याला, म्हणजे आमच्या गावी परतलो होतो. आमच्याकडे पेंटर म्हणजे दुकानाची पाटी आणि ट्रॅक्टरचा नंबर रंगवणारा माणूस. आल्या आल्या दोन पाट्या चालून आल्या, त्या मी बाणेदारपणे नाकारल्या. बाणेदारपणा वडिलांच्या जेवणावर चालला होता, एवढंच त्यातलं न्यून.

वडील, म्हणजे आबा, मागावर कापड विणायचे. ते चित्रकलेच्या विरुद्ध एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक आकडा सांगितला. गावच्या पतसंस्थेत कारकुनाची जागा निघाली होती, पगार चारशे पंचवीस. चेअरमन आबांच्या शब्दाखातर पुढच्या एक तारखेपर्यंत थांबायला तयार होते. आबा म्हणाले, ह्या महिन्यात खर्च जाऊन तेवढेच पैसे चित्रावर मिळवून दाखव, मी चेअरमनना नको म्हणून सांगतो. नाही मिळाले, तर एक तारखेला अंघोळ करून दहाच्या ठोक्याला तिथे हजर व्हायचं. आबांची हीच अडचण होती. ते इतकं रास्त बोलायचे की रुसायलासुद्धा जागा ठेवत नसत.

त्याच आठवड्यात दाजीबांचा निरोप आला. दाजीबा बैलांचे दलाल. आमचा सोमवारचा बैलबाजार त्यांच्याशिवाय भरत नसे. कृष्णाकाठच्या एका इनामदाराकडे खिलारी जोडी पोचवायला गेले असताना त्यांनी दिवाणखान्यात त्या इनामदाराच्या वडिलांचं मोठं तैलचित्र पाहिलं होतं. चित्रातला माणूस हयात आहे की नाही, ही चौकशी करायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी चौकशी केली ती फक्त किमतीची.

मला त्यांनी भाव विचारला. घरी आरशासमोर मी हजार म्हणायची तालीम केली होती, त्याप्रमाणे हजार म्हणालो. दाजीबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिलं. त्यांची नजर पुन्हा वर येईपर्यंत मी आपणहून सातशेवर आलो होतो. मग त्यांनी दीडशे विसार म्हणून हातावर ठेवले आणि म्हणाले, बाकीचे साडेपाचशे चित्र भिंतीवर लागल्यावर.

मला वाटलं, हे तर ठीकच. चित्र झालं की भिंतीवर लागणारच, आणखी कुठे लागणार? चार वर्षांत आम्हाला उजेड शिकवला, सावली शिकवली, घोट्याचं हाड शिकवलं. घरातली भिंत कुणाच्या मालकीची असते, हे कुणी शिकवलं नव्हतं.

दाजीबा चार सकाळी माझ्यापुढे बसले. नवा फेटा, इस्त्रीचा कोट, समोर नजर. फोटोवाल्याने हलू नका म्हटल्यावर माणूस श्वास कोंडून बसतो, तसे ते चारही सकाळी श्वास कोंडून बसले. मी कोटाची एकेक घडी रंगवली. बटणांवर उजेड पाडला. माझ्या मते ते फार थोर चित्र झालं होतं.

आणि आता तेवीस तारखेला हौसाक्का दारात उभ्या होत्या.

पुढचे दोन दिवस मी हरतऱ्हेने वाटाघाटी केल्या. समोरची भिंत सुचवली, तर आक्का म्हणाल्या, समोरून तर जास्तच बघतंय. गोठ्याची भिंत सुचवली, तर म्हणाल्या, बैलं वैरण खायची सोडतील. मी त्यांना पटवून दिलं की जगातले राजे-महाराजे जिवंतपणी असेच बसून चित्र काढवून घेत. आक्कांनी विचारलं की ते राजे आता कुठं हायत.

मग मी दाजीबांना म्हटलं, निदान निम्मे तरी द्या. ते फार मायेने म्हणाले, “लागलं का? न्हाई. मग निम्मं कशाचं?” माझ्या असं लक्षात आलं की ही अडवणूक त्यांना मनातून गोडच लागते आहे. आज ना उद्या मी कंटाळून चित्र तिथंच टाकून जाणार. सातशेचं चित्र दीडशेत. माळ्यावर पडून राहिलं तरी सौदा फायद्याचाच. मी चित्र उचलून घरी आणलं.

घरी हिशेब मांडला. कॅनव्हास, रंग आणि सुताराकडची चौकट मिळून एकशे एकतीस गेले होते. हातात उरले एकोणीस रुपये. पतसंस्थेचे चारशे पंचवीस. आबांनी हिशेब पाहिला, बेरीज बरोबर आहे म्हणाले आणि मागावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी आईने माझा पांढरा सदरा धुवून वाळत घातला. एक तारीख जवळ आली होती.

सोमवारी मी बैलबाजारात गेलो. डोक्यात एकच बेत होता. घरात दाजीबा कसेही असोत, बाजारात त्यांच्या शब्दाला वजन होतं. तिथे दहा माणसांत पैसे मागितले, तर लाजेकाजेने तरी देतील.

दाजीबा एका सौद्यात होते. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि शेतकरी एकमेकांचे हात हातात घेतात, वरून टॉवेल टाकतात, आणि टॉवेलाखाली बोटं धरून आकडा सांगतात. एक बोट म्हणजे किती, ते त्या दोघांनाच ठाऊक. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. तोंडाने दाजीबा त्या शेतकऱ्याला विचारत होते की थोरलीला स्थळ बघताय का, विहिरीला पाणी किती आहे. आवाज मऊ, डोळे अर्धे मिटलेले, मान जरा कललेली. पाहुण्याला एस्टीवर सोडायला आलेल्या माणसासारखा चेहरा. टॉवेल मात्र जागच्या जागी वळवळत होता. शेतकऱ्याच्या कपाळावर घाम आला. आणि नेमक्या त्या क्षणी दाजीबांच्या डाव्या मिशीचं टोक दोराभर वर गेलं.

टॉवेल सुटला. शेतकरी हसत होता. त्याला वाटलं होतं की तोच जिंकला.

मी एका दगडावर बसलो आणि पिशवीतून वही काढली. दुपारपर्यंत त्यांचे आठ सौदे झाले. मी अकरा पानं भरली. पैसे मागायचं राहूनच गेलं.

घरी येऊन मी सुरी घेतली आणि त्या थोर चित्रावरचा रंग खरवडायला सुरुवात केली. रंग अजून आतून ओला होता, सायीसारखा निघत होता. दुसरा कॅनव्हास आणायला पैसे नव्हते. बटणं गेली, कोटाच्या घड्या गेल्या. हे फसलं असतं तर माझ्याकडे भांडायलासुद्धा चित्र उरणार नव्हतं, उलट दीडशे विसार परत करावा लागला असता.

आबा मागावरून उठून आले. बराच वेळ बघत राहिले.

“सातशेचं खरवडतोयस?”

“दीडशेचं, आबा. बाकीचे लागलेच नाहीत.”

खिडकीत ठेवलेली सुताची बाचकी आबांनी एकेक करून उचलली आणि कोपऱ्यात नेऊन रचली. खोलीत एकदम उजेड आला.

उरलेल्या एकोणीस रुपयांचे रंग आणि टर्पेंटाइन आणलं. पाच दिवस मी तेवढंच काम केलं. खुर्ची नाही, कोट नाही. दाजीबा बाजारात उभे, रोजचा मळका फेटा, दोन्ही हात पुढे आणि हातांवर निळ्या काठाचा टॉवेल. समोरच्या माणसाचं फक्त मनगट. कडेला बैलाचं एक शिंग. ते डोळे आणि ती मिशी ह्यांना दोन दिवस गेले. मिशी जरा जास्त चढली की माणूस लबाड दिसायचा, जरा उतरली की साधू. दाजीबा ह्या दोघांच्या मधे कुठेतरी होते.

एकतीस तारखेला दुपारी ओलं चित्र डोक्यावर आडवं धरून मी सरगरांच्या घरी गेलो. वाटेत दोन माश्या चित्रातल्या आकाशाला चिकटल्या, त्या काडीने काढल्या. दाजीबा घरी नव्हते. हौसाक्का बाहेरच्या सोप्यात जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत होत्या. मी भिंतीला टेकवून चित्र खाली ठेवलं आणि बाजूला झालो.

आक्का उठल्या. जवळ गेल्या, परत मागे आल्या. पदर तोंडाला लावला. मला वाटलं, संपलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि माझ्या ध्यानात आलं की बाई हसते आहे.

“कुणाला बुडवताय वो?” त्यांनी चित्राला विचारलं.

चित्र अर्थातच काही बोललं नाही, पण उत्तर टाळल्यासारखं मात्र दिसलं. आक्का आणखी हसल्या. त्यांनी सुनेला हाक मारली, सुनेने येऊन बघितलं आणि ती पदरात तोंड घालून आत पळाली. मग गोठ्याकडे तोंड करून आक्का म्हणाल्या, “बिरू, हातोडा आण.”

तसबिरींच्या ओळीत नाही. दारासमोरच्या भिंतीवर, आल्या-गेल्याला पहिलं दिसेल अशा जागी त्यांनी खिळा मारायला लावला.

दाजीबा तासाभराने आले. दारातच थांबले. आधी त्यांनी टॉवेल तपासला, अगदी नाक लावून. बोटं कुठे दिसत नाहीत ना, ते पाहिलं. समाधान झालं. मग नजर वर गेली.

“ही मिशी अशी का?”

“तशीच होते, आण्णा,” मी म्हटलं. “सौदा तुमच्या बाजूला आला की.”

“माझी? सौद्यात माझं तोंड दगड असतंय. पन्नास वर्सं झाली, कुणाला कळलं न्हाई.”

“दगड कसला डोंबलाचा,” आक्का म्हणाल्या. “मला माहेरी धाडायचं नसलं की एस्टी बंद हाय म्हणून सांगताय, तवा बी ती अशीच वर जाती.”

दाजीबांनी बिरूकडे पाहिलं. जन्मभर आईबापापुढे गप्प राहिलेला बिरू खाली बघत म्हणाला, “मला बी ठावं हाय, आण्णा. ल्हानपणापास्नं.”

मी पुष्कळ माणसांची तोंडं रंगवली, पण त्या क्षणीचं दाजीबांचं तोंड रंगवायची माझी आजही हिंमत होत नाही. दर रविवारी संध्याकाळी पाच-सहा व्यापारी त्यांच्या सोप्यात चहाला यायचे. ह्याच दारातून यायचे, आणि दारातून आलं की समोर हे.

“काढ,” ते बिरूला म्हणाले.

“आधी पोराचं पैसं,” आक्का म्हणाल्या. “भिंतीवर लागलं का न्हाई?”

दाजीबा आत गेले, नोटा घेऊन आले, दोनदा मोजून माझ्या हातावर ठेवल्या. मी मोजायला लागलो तोवर ते स्वतः स्टुलावर चढून चित्र उतरवत होते. माझी तिसरी नोट मोजून होईपर्यंत चित्र माजघरात गेलं होतं. भिंतीवर लागल्यावर, एवढंच आमचं ठरलं होतं. किती वेळ लागलेलं राहिलं पाहिजे, हे मीही बोललो नव्हतो, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

घरी पुन्हा हिशेब मांडला. दीडशे आले ते दीडशे गेले, निव्वळ उरले साडेपाचशे. पतसंस्थेपेक्षा सव्वाशेने जास्त. आबांनी बेरीज तपासली, बरोबर आहे म्हणाले, कोपऱ्यातली टोपी घातली आणि चेअरमनकडे निघाले. सदरा दोरीवरच होता. तो आईने घडी करून पेटीत ठेवला.

पुढचं काम दाजीबांनीच केलं, तेही फुकट. बिरूच्या बायकोने आडावर सांगितलं की बैलाचं नुसतं शिंगच आलंय, पण आमच्या मामंजींचं असं चित्र निघालंय की ते कुणाला दाखवत नाहीत. त्या रविवारी व्यापारी पाचाचे नऊ झाले. दाजीबांनी चहा दिला, चित्र दिलं नाही. न दाखवलेल्या मालाचा भाव चढतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत होतं? पण तो भाव माझा चढत होता, हे त्यांच्या ध्यानात उशिरा आलं. महिन्याभरात तीन व्यापारी माझ्या दारात येऊन गेले. पहिल्याला मी हजार सांगितले आणि तोंड मिटून बसलो. शेवटी तो म्हणाला, नऊशे, पण बैल पुरा पाहिजे.

तेव्हापासून मी बसलेलं माणूस रंगवणं सोडलं. सोनार रंगवला तो फुंकणीसकट, वैद्य रंगवले ते नाडी धरून. लोक म्हणायचे, कोष्ट्याचा पोरगा माणसं कामात धरतो. सांगली-मिरजेहून गिऱ्हाईक यायला लागलं. कुणी विचारलं की ही रीत सुचली कशी, तर मी हौसाक्कांच्या अपशकुनाची गोष्ट सांगायचो. लोक हसायचे. खेडवळ बाईची एक खुळी समजूत आणि त्यातून एका चित्रकाराचं नशीब, अशी ती छान गोष्ट होती. सात वर्षं सांगितली.

आठव्या वर्षी आक्का स्वतः माझ्या खोलीवर आल्या. तेलघाण्याच्या वरची खोली मी भाड्याने घेतली होती. जिना चढून त्यांना दम लागला होता. दाजीबा ठणठणीत आहेत, आणि मिशी आता सपाट कापतात, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, माझं चित्र काढ. आणि खुर्चीत बसल्या. समोर बघत, गुडघ्यावर हात ठेवून, गप्प.

मी म्हटलं, “आक्का, असं नको. काहीतरी करत बसा. तांदूळ निवडा, वाकळ शिवा.”

“जलमभर तेच केलं. आता बसलेलीच काढ.”

“पण जित्या माणसाचं असलं चित्र भिंतीवर लावायचं नाही, असं तुमचंच म्हणणं ना? अपशकुन असतो.”

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. अडाणी पोराकडे बघावं तसं.

“माझ्या माहेरी माझ्या आज्याचं असलंच चित्र हुतं. जितेपणी काढलेलं. बारा वर्सं आजा त्याच्याखाली बसून जेवला. कसला आलाय अपशकुन?”

“मग तेव्हा?”

“चित्र मेलेलं हुतं रं. माणूस न्हवं.”

माझ्या हातातला कोळसा हातातच राहिला. सात वर्षांत ही गोष्ट मी किती जणांना सांगितली, ते आठवायला लागलो आणि मधेच सोडून दिलं. मी विचारलं, मग तेव्हाच सरळ का नाही सांगितलं. मला कळलं असतं.

“कळलं असतं की,” आक्का म्हणाल्या. “चोवीस वर्सांचा हुतास. एक तारखेचं सगळ्या गावाला ठावं. चित्र वाईट हाय म्हणून तोंडावर सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिशी गुमान पतसंस्थेत जाऊन बसला असतास. अपशकुन म्हटलं तर माणूस भांडतंय तरी.”

खाली घाणा घरघरत होता. मी नवा कागद लावला. आक्कांनी पदर सारखा केला, हात पुन्हा गुडघ्यांवर ठेवले आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघायला लागल्या.

“आता बायकापोरांचा झालास,” त्या म्हणाल्या. “ह्या खेपेला वाईट निघालं, तर तोंडावर सांगीन. काढ.”